कुणाचं बाळ कुणाच्या कडेवर

दुपारचा दुसरा भोंगा झाला. फाटकाच्या खिडकीतून बाळं एकामागून एक बाहेर यायला लागली. भिंगरीच्या हातात जे गाठोडं आलं ते तिने सवयीने कडेवर मारलं, सवयीने चार पावलं टाकली, सवयीनेच त्याच्या मानेत नाक खुपसलं, आणि जागच्या जागी थिजली.

वास तिच्या आईचा नव्हता.

आता हे प्रकरण काय, ते कळायला आधी त्या फाटकाची रीत सांगायला हवी. गिरणीत बायका कामाला जायच्या आणि अंगावर पिणारी बाळं घरी राहायची. सांभाळणार कोण? घरच्याच थोरल्या पोरी. थोरल्या म्हणजे किती, तर ज्यांचे दुधाचे दात नुकते पडून संपलेत अशा. दिवसभर त्या गल्लीतल्या पायऱ्यांवर बसायच्या, कडेवर एकेक बाळ, आणि त्या बाळासकट दोरीवरच्या उड्याही मारायच्या. दुपारचा भोंगा झाला की सगळी पलटण फाटकाशी. मोठं फाटक काही उघडायचं नाही. त्याला पोटाच्या उंचीवर एक खिडकी होती, त्यातून बाळ आत सरकवायचं. आतली बाई ते मागच्या बाईकडे देई, ती तिच्या मागच्या बाईकडे, असं हातोहात करत बाळ आपल्या आईपर्यंत पोचायचं. आया भिंतीला टेकून पाजायच्या. दुसरा भोंगा झाला की बाळं त्याच वाटेने परत. आत काय चाललंय हे बाहेर दिसत नसे. फाटकवाले काका नुसती डोकी मोजायचे. जितकी आत गेली तितकी बाहेर आली की झालं.

"कुणाचं कुठलं ते देव बघेल," असं ते म्हणायचे आणि खिडकीची कडी लावायचे.

खरं तर तोच बघत होता. एवढी बाळं रोज आत-बाहेर होत आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या कुशीत निजत, ते काय फाटकवाल्यांच्या भरवशावर? तरी मागल्या वर्षी एकदा गफलत झालीच होती. एका पोरीने भलतंच बाळ घरी नेलं आणि दिवेलागणीपर्यंत कुणाला पत्ता नाही. गल्ली हसून हसून लोळली होती. भिंगरी तेव्हा सगळ्यांबरोबर हसली, पण त्या दिवसापासून ती बाळ परत घेतलं की आधी हुंगायची.

कारण गल्लीतल्या पोरींना आया वासाने ओळखता यायच्या. गिरणीत जेवढी खाती तेवढे वास. सूतखात्यातल्या बायकांना यंत्राच्या तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा वास यायचा. रंगखात्यातल्या बायकांना आंबूस, ओल्या लोखंडासारखा. पिऊन आलेल्या बाळाच्या गालाला, मानेला, मुठीला आईचा वास चिकटलेला असायचा. पायरीवर पोरींचा एक खेळच होता, डोळे मिटायचे आणि हुंगून सांगायचं, बाळ कुणाचं. भिंगरी त्या खेळात कधी हरली नव्हती. तिची आई सूतखात्यात. तिचा भाऊ गठुळ्या पिऊन आला की त्याला तेलाचा वास यायचा.

आणि आज त्याच्या मानेला रंगखात्याचा वास येत होता. आंबूस, स्वच्छ, शंकेला जागाच नाही असा.

"गठुळ्या?" तिने विचारलं.

बाळाने जांभई दिली.

तोंड बघावं तर तिथेही पंचाईत. गेल्या आठवड्यात गल्लीत उवांची आणि खरजेची साथ आली म्हणून सरकारी डॉक्टर आला, त्याने लहान-मोठ्या सगळ्या पोरांची डोकी सफाचट केली आणि वरून जांभळं औषध फासलं. डोक्याला, कानामागे, गालावर, जिथे जिथे फोड तिथे. त्या दिवसापासून गल्लीतली सगळी बाळं म्हणजे एका झाडाची वांगी. कपडे म्हणाल तर तेही एकाच ताग्यातले. गिरणीत छपाई वाकडी झालेलं कापड बायकांना वाटून टाकत, सगळ्यांच्या अंगावर त्याच तिरप्या पट्ट्यांची झबली.

भिंगरीने बाळाच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. आधी वाटलं, आहे की हाच. मग वाटलं, नाक जरा बसकं नाही का? मग वाटलं, गठुळ्याचं नाक कसं होतं? आणि ते काही केल्या आठवेना. रोज ज्या नाकातला शेंबूड आपण पुसतो ते नाक कसं आहे हे आपल्याला सांगता येऊ नये! जितकं बघावं तितकं ते तोंड परकं होत गेलं. शेवटी तर ते बाळाचं तोंड आहे की आणखी काही, हेही तिला कळेना.

रंगखात्यात अंगावर पिणारं बाळ असलेली बाई एकच होती. लवंगीची आई.

आणि लवंगीची आई आज गाव सोडून चालली होती.

हे ध्यानात आलं आणि भिंगरीने बाळाला दोन्ही हातांनी आवळलं. लवंगीच्या बापाला नदीपलीकडच्या कुठल्याशा शहरात काम लागलं होतं. लवंगीच्या आईची आज दुपारपर्यंतच पाळी. दुसरा भोंगा व्हायच्या जरा आधीच फाटकाच्या बाजूचं छोटं दार उघडलं होतं आणि ती आपलं बाळ छातीशी धरून, डोळे पुसत बाहेर पडली होती. लवंगी तिच्या मागोमाग गेली होती, मान ताठ, मागे वळूनही न बघता.

न बघण्याचंही कारण होतं. सकाळी पायरीवर दोघींचं वाजलं होतं. लवंगी आठवडाभर नव्या शहराच्या फुशारक्या मारत होती. तिथे म्हणे घराला दोन खिडक्या, तिथे म्हणे नळ जिन्यातच. ऐकून ऐकून भिंगरीचं डोकं उठलं आणि ती म्हणाली, "जा एकदाची. पायरीवर बसायला जागा तरी होईल." तिखट जिभेची म्हणून तिला लवंगी म्हणायचे, पण तिने नुसतं आपल्या भावाला उचललं आणि ती पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली.

"फाटकवाले काका!" भिंगरीने खिडकी बडवली. "काका, बाळ बदललंय!"

खिडकी बोटभर उघडली. "किती दिलीस?"

"एक."

"किती मिळालं?"

"एक, पण..."

"मग बदललं कुठे? बरोबर आहे की."

"अहो वास बघा त्याचा!"

"मी कशाला वास बघू? माझी स्वतःची सात पोरं झाली, सगळ्यांचे वास सारखेच." कडी लागली. मग पुन्हा उघडली. आवाज थोडा मऊ झाला होता. "हे बघ पोरी, आत आता कुणाला हाक मारता येत नाही. यंत्रं सुरू झाली. संध्याकाळी तुझी आई बाहेर आली की तीच सांगेल. जा, सावलीत बस."

संध्याकाळी! संध्याकाळपर्यंत गठुळ्या नदीपलीकडे गेलेला असेल. आणि आईला काय सांगायचं? आई, तुझा मुलगा गेला, पण त्याच्या बदल्यात एक मिळालाय?

गल्लीच्या तोंडाशी जोडे शिवणारा म्हातारा बसायचा. त्याच्या तोंडात कायम खिळे धरलेले, म्हणून तो खिळेकाका. गल्लीतलं प्रत्येक पोर त्याच्यासमोर रांगलेलं.

"खिळेकाका, हा गठुळ्याच आहे का हो?"

खिळेकाकाने ओठांच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं, कारण मधे खिळे होते. "रडव."

"काय?"

"रडवून दाखव. मला तोंडावरून नाही कळत, आवाजावरून कळतं."

भिंगरीने बाळाला हळूच चिमटा घेतला. बाळ हसलं. पुन्हा घेतला. बाळ आणखी हसलं.

"गठुळ्या असा हसत नाही," भिंगरी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग तो नसेल," खिळेकाका म्हणाला. जोड्यावर एक ठोका घातला. "पण पोट भरलं की सगळेच हसतात. मग असेलही."

"काका, एक काहीतरी सांगा ना!"

त्याने सगळे खिळे तळहातावर काढले. असं तो क्वचितच करी. "पोरी, मी जन्मभर जोड्यांच्या जोड्या लावल्या. डावा कुठला आणि उजवा कुठला हे सांगेन. हे माझ्या हातातलं काम नाही."

नळावर बायका होत्या. त्यांना विचारलं तर आणखी गोंधळ. एकजण म्हणाली, हाच, डोळे बघा की, अगदी आईचे. दुसरी म्हणाली, छे, हे डोळे लवंगीच्या आईचे. तिसरी म्हणाली, दोघींचे डोळे मुळात सारखेच, मी तर दोघींना बहिणीच समजत होते इतके दिवस. मग त्या दोघी बहिणी दिसतात की नाही यावरच जुंपली. एकीची घागर भरून वाहायला लागली तरी तिला भान नाही. भिंगरीकडे बघायला कुणाला सवड उरली नव्हती.

तिने लवंगीची खोली गाठली. दार सताड उघडं. आत भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे चौकोनी पांढरा डाग, आणि जमीन झाडून लख्ख केलेली. दुसऱ्याच्या हवाली करायची खोलीसुद्धा झाडून जायची बाई ती! शेजारची पोरगी म्हणाली, हातगाडी मघाच गेली, पुलाच्या दिशेने.

भिंगरी धावली.

गिरणीची भिंत संपली, वखारी लागल्या. कडेवरचं बाळ खाली खाली घसरत होतं. ती गुडघ्याने त्याला वर ढकलायची आणि पुन्हा पळायची. कोळशाच्या गाड्या, पिंपं उतरवणारे हमाल, पोरांचा गोट्यांचा डाव. डावातून ती थेट पळत गेली तेव्हा मागून शिव्या आल्या. "ए जांभळ्या डोक्याची!" कुणीतरी ओरडलं, कारण तिचंही डोकं तसंच होतं, हे ती विसरूनच गेली होती. घोड्यांची ट्राम खडखडत बाजूने गेली. वरून कुणीतरी बाळाकडे बघून हात हलवला आणि बाळाने, मेल्याने, उलट हलवला.

पळता पळता ती देवाशी बोलत होती. मोठ्याने नाही, दम नव्हता, मनातल्या मनात. देवा, तू वर बसून सगळं बघतोस ना? मग तुला माहीत असेलच. नुसतं सांग, हा की तो. खूण कर. एक पान पाड. पण त्या रस्त्याला झाडच नव्हतं. मग तिला आणखी एक भीती वाटली. समजा देवालाही वरून नुसती जांभळी डोकीच दिसत असतील तर?

नाही हो. त्याला कुठे डोक्यावरून ओळखायचं असतं? पण दहा वर्षांच्या पोरीला हे रस्त्यात थांबवून कोण समजावणार.

आणि मधेच एक विचार तिच्या मनात शिरला आणि पाय आपोआप मंदावले. समजा हे बाळ खरंच लवंगीचं आहे. तर आता ते परत द्यायचं. मघापासून तिने त्याला छातीशी घट्ट धरलं होतं. त्याने आपली ओली मूठ तिच्या गळ्याशी रुतवली होती, त्याचा श्वास तिच्या मानेवर लागत होता. ते दिलं की तिला आनंद व्हायला हवा होता. मग पाय का उचलेनात? ती त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला लागली आणि पुसता पुसता तिला कळेना, की आपण हा घाम कुणाचा पुसतोय.

पुलाच्या चढावर गाड्यांची ही रांग लागली होती. मालाने लादलेल्या एका गाडीचा घोडा चढावर घसरून पडला होता. चारदोन माणसं त्याच्या पोटाखाली दोर घालून त्याला उठवत होती, आणि दुप्पट माणसं नुसते सल्ले देत होती. त्या घोड्याचे उपकारच म्हणायचे. रांगेत मागच्या बाजूला लवंगीच्या घरची हातगाडी उभी होती. पालथी खुर्ची, पत्र्याची पेटी, बांधलेल्या गाद्या, आणि सगळ्याच्या वर मांडीत शेगडी घेऊन लवंगी. तिचा बाप पुढे घोड्याला सल्ला देणाऱ्यांत सामील झालेला. आई गाडीच्या दांडीला टेकून उभी. बाळ गाद्यांच्या खाचेत, उन्हापासून आडोसा म्हणून तोंडावर फडकं टाकून झोपवलेलं.

लवंगीने भिंगरीला लांबूनच बघितलं. शेगडी बाजूला ठेवली. टुणकन खाली उतरली आणि पळत समोर आली. तिचं सगळं तोंड उजळलं होतं.

"आलीस!" ती म्हणाली.

"गठुळ्या कुठाय?" भिंगरी म्हणाली.

"काय?"

"तुझ्याकडे गठुळ्या आहे. हा तुझा आहे. फाटकाशी बदललेत."

लवंगीच्या तोंडावरचा उजेड विझला. पण भिंगरीने ते पाहिलं नाही, ती थेट गाडीकडे गेली आणि फडक्याचं टोक धरून तिने ते ओढलं. खाली आणखी एक जांभळं डोकं. तिरप्या पट्ट्यांचं झबलं. गालावर फोड, त्यावर जांभळे ठिपके. झोपेत ओठ चोखणारं. आणि भिंगरीला पक्कं, अगदी पक्कं वाटलं, की हाच गठुळ्या. मग तिने कडेवरच्याकडे पाहिलं, आणि तोही तितकाच पक्का गठुळ्या होता.

"मावशी," ती लवंगीच्या आईला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मावशी, मला कळत नाहीये."

"अगं काय कळत नाहीये? इतक्या लांब एकटी आलीस? आई कुठे तुझी?"

भिंगरीने हुंदके देत सगळं सांगितलं. वास, खिडकी, खिळेकाका, नळ. लवंगीची आई ऐकत होती. आधी तिच्या ओठांच्या कडा हलल्या, मग तिने तोंडावर हात धरला. पण एकदम तिचा हात खाली आला आणि तिने घाईघाईने गाडीतलं बाळ उचललं. कारण आईचं काळीज कितीही पक्कं असलं, तरी असं कुणी पळत येऊन सांगितलं की क्षणभर तेही अडखळतंच.

तिने बाळाला उभं धरलं, वरून खाली पाहिलं. मग करंगळी त्याच्या तोंडात घातली.

"आई गं!" ती ओरडली. तिने बोट काढून भिंगरीच्या नाकासमोर धरलं. बोटावर दाताचे दोन ठसे. "हा माझा. चावतो मेला. दोन दात आलेत खाली. आता तुझ्याकडच्याला बघ."

भिंगरीने बोट घातलं. मऊ हिरड्या. बोट चोखलं गेलं, नुसतं चोखलं गेलं.

"गठुळ्याला दात आहेत का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. तिला हे माहीत होतं. काल संध्याकाळीच तर आई म्हणाली होती की याला दात कधी यायचे कोण जाणे. दुपारभर अख्ख्या शहरातून पळताना एकदाही हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अगं वेडे, तोंड उघडून तरी बघायचंस!"

"पण वास?" भिंगरी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, तो अजून बाहेरच लटकत होता. "मावशी, याला रंगखात्याचा वास येतोय. तुमचा वास येतोय. हुंगा तुम्ही."

लवंगीच्या आईने गठुळ्याच्या मानेत नाक घातलं. मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"येणारच," ती म्हणाली. "तुझी आई आज माझ्या जागी उभी आहे. मीच मुकादमाला सांगून ठेवलं होतं, की माझी जागा तिला द्या, तिथे सूतखात्याएवढा खोकला होत नाही. तो हो म्हणेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून ती घरी बोलली नसेल. सकाळी आत गेल्या गेल्या त्याने तिला रंगाच्या हौदापाशी आणून उभं केलं. अर्धा दिवस मीच तिला शिकवलं, काठी कशी फिरवायची ते. दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसून पाजलं. हातसुद्धा धुता आले नाहीत तिला." तिने आपले हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे, नखांत काळे. "हे जात नाही. दगडाने घासलं तरी जात नाही. आता तिच्याही हाताला असंच."

भिंगरी त्या हातांकडे बघत राहिली. गठुळ्या गठुळ्याच होता. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं. मग हरवल्यासारखं का वाटतंय? तिने पुन्हा त्याच्या मानेत नाक घातलं. तो वास तसाच होता, परका, आणि तो आता तिच्या आईचा होता.

पुढे आरोळी उठली. घोडा उभा राहिला होता. गाड्यांची चाकं कुरकुरायला लागली. लवंगीचा बाप परत येऊन दांडीला लागला. "काय झालं? ही इथे कशी?"

"निरोप द्यायला आली," लवंगीची आई म्हणाली.

"नाही," लवंगी म्हणाली. ती इतका वेळ गाडीच्या चाकाशी उभी होती आणि चाकावरचा चिखल नखाने काढत होती. "बाळ बघायला आली. मला वाटलं, मला भेटायला आली."

भिंगरीने तोंड उघडलं. मी सकाळी बोलले ते खरं नव्हतं, हे सांगावं, तर आत्ता इतक्या लांब पळत ती त्यासाठी आली नव्हती हेही खरं. भेटायलाच आले म्हणावं, तर लवंगीला खोटं वासावरून कळायचं. तिला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, तेही सांगता येईना. मग तिने गठुळ्याला दोन्ही हातांनी पुढे धरलं. का ते तिचं तिलाच कळलं नाही. लवंगीने त्याला घेतलं, एकदा घट्ट दाबलं, आणि परत दिलं.

"जड झालाय," लवंगी म्हणाली.

"पिऊन आलाय," भिंगरी म्हणाली.

"तिथल्या पायरीवर कोण असेल?"

"कुठल्या?"

"मला काय माहीत. तिथल्या." लवंगी गाडीवर चढली, शेगडी मांडीत घेतली. "इकडे जागा होईल तुला."

"मला नकोय जागा," भिंगरी म्हणाली. पण गाडीने तोवर चढ धरला होता आणि चाकांच्या आवाजात ते पोचलं की नाही कुणास ठाऊक. लवंगीने मान वळवली खरी. पण ती हिच्याकडे बघत होती की रस्त्याच्या कडेला घेतलेल्या घोड्याकडे, ते एवढ्या लांबून सांगणं कठीण.

संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा भिंगरी फाटकाशी उभी होती. आता मोठं फाटक उघडलं आणि बायकांचा लोंढा बाहेर आला. रोज ती आईला लांबूनच ओळखायची. केसांत कापसाचे पांढरे तंतू, त्यामुळे आई घरी येताना म्हातारी दिसायची आणि डोकं धुतलं की पुन्हा तरुण व्हायची. आज भिंगरी पांढऱ्या केसांच्या बायकांकडेच बघत राहिली. त्या एकेक करून निघून गेल्या.

"अगं, दे की इकडे," समोर उभी असलेली बाई म्हणाली.

काळे केस. कोपरापर्यंत निळे हात. तो आंबूस वास. भिंगरीने गठुळ्याला घट्ट धरलं आणि ती एक पाऊल मागे सरकली.

तिला माहीत होतं की ही आई आहे. लवंगीच्या आईने सांगितलं होतं, तोंडही आईचंच होतं, आवाजही. पण हात सुटेनात. गठुळ्याने मात्र काही विचार केला नाही. त्याने दोन्ही हात पसरले आणि स्वतःला त्या निळ्या हातांत झोकून दिलं.

"काय झालं?" आई म्हणाली. "अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

भिंगरीला सगळं सांगायचं होतं. पूल, घोडा, दात. पण तोंडातून भलतंच निघालं. "तू सकाळी सांगितलं का नाहीस?"

"मलाच कुठे माहीत होतं." आई चालायला लागली. भिंगरी तिच्या बाजूने, पण नेहमीपेक्षा थोडं अंतर राखून. "मलाही दिवसभर चुकल्या चुकल्यासारखं होतंय बघ. हात आपोआप तुटलेलं सूत शोधायला जातो आणि तिथे सूतच नाही. पाणी. दोनदा मी हौदात हात घातला. मुकादम म्हणाला, बाई, काय हरवलं? मी काय सांगू त्याला?" ती हसली, खोकली, पुन्हा हसली. "खोकला कमी होईल म्हणतात."

"उद्या पण असाच वास येणार?"

"उद्या पण."

"रोज?"

"रोज. का गं, इतका वाईट येतो?"

वाईट नव्हता. तसं म्हणावं तर नव्हता. गल्लीचं तोंड आलं. खिळेकाकाने जोडा बाजूला ठेवून भुवया उंचावल्या, म्हणजे विचारलं, सापडला का? भिंगरीने होकारार्थी मान हलवली, मग नकारार्थी, आणि खिळेकाकाने पुन्हा हातोडी उचलली.

घराच्या जिन्यात अंधार होता. आई पुढे, तिच्या खांद्यावर गठुळ्या पेंगुळलेला. भिंगरी मागून चढत होती. तिने हात पुढे करून आईचं कोपर धरलं आणि त्याला नाक लावलं. हुंगलं. कळेना. डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"काय चाललंय तुझं?" आई अंधारातून म्हणाली.

"थांब जरा," भिंगरी म्हणाली, आणि पुन्हा हुंगायला लागली.